चार घरांवरचा दवाखाना

माझ्या आजारपणाच्या चार हकिकती आमच्या गल्लीत फिरत आहेत आणि त्यांपैकी एकही खरी नाही. पहिली अशी की, मला चौघांनी धरून जीपमध्ये घातले. दुसरी माझ्या चिरंजीवांची: त्यांनी मला तासभर समजावले आणि मी ऐकले. तिसरी अशी की, मला काही झालेच नव्हते. म्हातारपणी कोणी विचारीना म्हणून मी सोंग घेतले. चौथी सर्वांत अपमानकारक आहे. तिच्याप्रमाणे मी अजून पुरता बरा झालेलो नाही, कारण मारुतीच्या मंदिरातल्या बैठकीत मला एकवीस घरांचा कौल धड मोजता आला नाही. म्हातारा एका बोटाने चुकला, असे लोक म्हणतात.

पस्तीस वर्षे सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे केलेला माणूस बोटे मोजण्यात चुकत नाही. हे एकदा लेखी सांगून टाकावे म्हणून मी लिहावयास बसलो. लिहिता लिहिता असेही वाटले की, ज्यांच्या घरी हा आजार आज शिरला आहे त्यांच्या हाती हे कागद पडले तर बरे होईल. तेव्हा दोन्ही कारणे खरी समजावीत.

भांडण बंद झाले

आजार प्रथम ओळखला तो माझ्या पत्नीने, कोणा डॉक्टरने नव्हे.

आमच्या समोर बापूराव राहतात. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा आवाज अजून फलाटावरचाच आहे. गेली बावीस वर्षे ते आपल्या मोरीचे पाणी आमच्या दारावरून सोडतात आणि गेली बावीस वर्षे मी त्यांच्याशी त्याबद्दल भांडतो. त्या उन्हाळ्यात एके सकाळी पाणी आले, माझ्या वहाणा भिजल्या, आणि मी वहाणा उचलून आत ठेवल्या. बोललो काहीच नाही.

कमल, म्हणजे माझी पत्नी, दारात तांदूळ पाखडत होती. ती कवठे महांकाळकडच्या शेतकरी घरातली. पन्नास वर्षे शहरात काढली तरी बोली माहेरचीच ठेवली आहे.

"आवं, पाणी आलंय दारात," ती म्हणाली.

"येऊ दे."

तिने सूप खाली ठेवले. माझ्याकडे नीट पाहिले. मग आतल्या खोलीत कामावर निघण्याच्या गडबडीत असलेल्या आमच्या मुलाला तिने हाक मारली.

"प्रकाश, इकडं ये. तुजा बाप आजारी हाय."

ती म्हणाली ते खरे होते. दोन महिने मी कोणाशीही भांडलो नव्हतो. वर्तमानपत्राची घडी उघडत नव्हतो. पहाटे जाग येई आणि छातीवर पोते ठेवल्यासारखे वाटे. अंघोळ हे फार मोठे काम झाले होते. जेवताना घास किती वेळ चावायचा हे कळत नसे. आणि या सगळ्याचे कारण काय, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे एकही कारण नव्हते. मुलगा कमावता, सून शहाणी, नात लग्नाची, मुलगी वडूजला सुखात. दुःख असते तर मी त्याच्याशी दोन हात केले असते. समोर कोणी नव्हतेच.

भुंगा

प्रकाशने मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. रक्त, लघवी, छातीचा आलेख, सगळे झाले. सगळे उत्तम निघाले. "मनाच्या डॉक्टरांना दाखवा," असे त्यांनी आवाज उतरवून सांगितले. या आजारात पहिली गोष्ट घडते ती ही, की तुमच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाचा आवाज उतरतो.

आता येथे एक गोष्ट कबूल करतो, कारण कोणीतरी ती उकरून काढीलच. मनाच्या रुग्णांना ठेवून घेणारे एक निवासी उपचारगृह आमच्याच गल्लीत, आमच्या घरापासून चौथे आहे. ते सुरू होताना विरोधाचा अर्ज निघाला होता आणि त्यावर माझी सही होती. 'तात्यांनी न वाचता सही केली असणार,' असे माझे हितचिंतक म्हणतात. त्यांचे आभार, पण मी वाचून केली होती. तेव्हा माझे मत ते होते, आणि मत चुकीचे होते.

प्रकाशचे म्हणणे पडले की, पुण्याला जाऊ. "इथं नको तात्या. गल्ली बघती. आपण लोकांना सांगू, यात्रेला गेलेत म्हणून." त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्याची भीती मला समजत होती. कमलला समजत नव्हती. तिने पदर खोचला, चार घरे चालत गेली आणि उपचारगृहाच्या डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊन आली.

बाईंनी आवाज उतरवला नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"तात्या, शेवटचं कुणाशी भांडलात?"

मला आठवेना. मी आठवण्याचा प्रयत्न करीत राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. रडलो असे म्हणता येणार नाही, पाणी आले.

त्यांनी 'नैराश्य' असे नाव सांगितले. मी म्हणालो, "हे नाव मला मान्य नाही."

"मग तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "हळदीला भुंगा लागतो. हळकुंड वरून पिवळेधमक दिसते, गिऱ्हाईक फसते. पण हातात धरले की हलके लागते. आतून पोखरलेले असते. मी तसा झालो आहे."

त्यांनी ते जसेच्या तसे कागदावर लिहून घेतले. "असल्या मालाचं तुम्ही काय करता?"

"वेगळा काढतो. ऊन देतो. चाळतो."

"आम्हीही तेच करतो," त्या म्हणाल्या. "चाळणं सोडून."

मग त्यांनी मला विचारले की, जगणे संपवावे असे मनात येते का. माझी पत्नी आणि मुलगा समोर बसले होते. मी हो म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ अवघड शब्द उच्चारले आहेत, त्यांत हा सर्वांत अवघड. पण तो उच्चारल्याबरोबर तो एकट्या माझा राहिला नाही. हे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या मनात तसे येत असेल त्याने तो शब्द आजच कोणाला तरी सांगावा. मी म्हातारा माणूस आहे, उगाच सल्ला देत नाही.

मी चालत गेलो

आता जीपचे. जीप नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, भर उन्हात, मी वळकटी काखेत मारून माझ्या पायांनी घरातून निघालो. प्रकाशने मागच्या बोळातून जाण्याचे सुचवले होते. मी म्हणालो, "पस्तीस वर्षे मी पुढच्या दाराने धंदा केला." त्याने तासभर समजावले ते मागच्या बोळाबद्दल, आणि ते मी ऐकले नाही. माझ्यामागून कमल डबा घेऊन चालत होती.

मध्ये मी बसलो, हे खरे आहे. पाय चालेनात म्हणून बापूरावांच्या पायरीवर बसलो. बापूराव बाहेर आले, वळकटीकडे पाहिले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. पाणी मी मागितले नव्हते. पण प्यालो.

"कुठं निघालास रं?" त्यांनी विचारले.

"दवाखान्यात."

"लय दिवस?"

"बघू."

त्यांनी रिकामा तांब्या परत घेतला. मग म्हणाले, "पाणी मी तिकडच्या बाजूनं सोडतो तवर."

मी बरा असतो तर या वाक्याची नोंद करून ठेवली असती. त्या दिवशी मी नुसता उठलो.

आत

आत मी बेचाळीस दिवस होतो. बाहेर वाटते तसे तेथे काही नसते. सहाला घंटा, अंगणात चालणे, चहा, गोळ्या. गोळी गिळल्यावर परिचारिका म्हणे, "आ करा." पहिल्या दिवशी मी तोंड उघडण्यास नकार दिला. ज्याच्या शब्दावर पोतीच्या पोती हलत, त्याची जीभ वर करून पाहायची? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा माल तपासल्याशिवाय तुम्ही घेत होता का?" या बाई वादात हरत नाहीत. मी तोंड उघडले.

माझ्या शेजारच्या खाटेवर पलूसकडचे एक द्राक्षबागायतदार होते. ते दहा दिवस एक अक्षर बोलले नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी ते उठून बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आवं तात्या, तुमी घोरता लय." साऱ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. माझ्या घोरण्याचा असा सत्कार पूर्वी कधी झाला नव्हता. मी घोरत नाही, हे मी त्यांना सांगितले, आणि आमचा वाद सुरू झाला. बाईंनी तो मुद्दाम थांबवला नाही.

गोळ्यांनी हाताला कंप सुटला. याची मला सर्वांत अधिक भीती वाटली. माझा सारा धंदा बोटांचा होता. चहाचा पेला ओठांपर्यंत नेताना बशीत सांडत असे, आणि मी भिंतीकडे तोंड करून पीत असे. बाई म्हणाल्या, कंप पुष्कळ कमी होईल, थोडा राहील. त्यांनी खोटे सांगितले नाही. थोडा राहिला आहे.

या सगळ्यात सुख कोणते होते, तर आवाजाचे. मी चार घरांवर होतो. नऊच्या सुमारास कमल भाजीवाल्याशी घासाघीस करी ती मला खाटेवर ऐकू येई. "ह्ये वांगं हाय का वांग्याचं भूत?" असे ती ओरडली की, मला कळे की घर जागेवर आहे. बापूरावांचे खाकरणे, मारुतीची घंटा, नातीची गाडी सुरू न होणे, हे सगळे मी पडल्या पडल्या ऐकत असे. पुण्याला मला हे कोणी ऐकवले असते? आजारी माणसाला गावाबाहेर ठेवावे असे म्हणणाऱ्यांनी बेचाळीस दिवस गावाबाहेर राहून पाहावे.

दर रविवारी माझी मुलगी सुनंदा वडूजहून येई. अंगणातल्या बाकावर आम्ही बसत असू. ती फारशी बोलत नसे. मला वाटे, माझ्यामुळे गप्प आहे.

सुनंदा

मी घरी आलो, आणि दिवाळीनंतर वडूजहून जावयांचा फोन आला. सुनंदा तीन आठवडे अंथरुणातून उठत नव्हती. केस विंचरत नव्हती. सासूबाईंनी अंगारे लावून झाले होते. जावई भला माणूस. तो फोनवर नुसता "तात्या, तात्या" म्हणत होता.

(हा मजकूर मी सुनंदाला वाचून दाखवला आहे. तिने दोन ठिकाणी काट मारली, ती मी मान्य केली. उरलेले तिच्या संमतीने आहे.)

आम्ही वडूजला गेलो. मी तिच्या उशाशी बसलो. तिचे मनगट हातात घेतले आणि मला ते हलके लागले. बाकी कोणी काही सांगण्याची मला गरज नव्हती.

"तात्या," ती म्हणाली, "मला तुमी हुता तितंच ठेवा. लांब नेऊ नका. लांब नेलं तर मी परत यायची न्हाई, असं वाटतंय."

डॉक्टरीणबाईंनी वडूजला येऊन तिला तपासले, गोळ्या सुरू केल्या. पण तिला घरी ठेवणे त्यांना धोक्याचे वाटत होते. आणि उपचारगृहात फक्त पुरुषांची सोय होती. बायकांसाठी वरचा मजला बांधून तयार होता. खाटा आल्या होत्या, खिडक्यांना रंग लागला होता. मात्र परवानगी देणाऱ्या कार्यालयाने गल्लीतल्या रहिवाशांचे लेखी म्हणणे मागितले होते, आणि गल्लीचे म्हणणे तयार होते: नको. विरोधाचा अर्ज बापूरावांनी लिहून टेबलावर ठेवला होता आणि रविवारी मारुतीच्या मंदिरात त्यावर एकवीस घरांचा कौल घ्यायचा होता.

म्हणजे माझ्या मुलीची खाट आमच्या घरापासून चार घरांवर, एक जिना वर, तयार होती आणि मध्ये आमचीच गल्ली उभी होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी प्रकाश मला म्हणाला, "तात्या, सुनंदाचं नाव बैठकीत काढू नका. तुमचं झालं ते झालं. आता आत्याचं पण कळलं, तर माझ्या पोरीची सोयरीक मोडंल." त्याचा चेहरा पाहवत नव्हता. बहिणीसाठी तो दोनदा वडूजला जाऊन आला होता. त्याला माया नव्हती असे नाही. मी त्याला शब्द दिला. माझ्या हातातले सर्वांत वजनदार माप मी असे आधीच खाली ठेवले.

स्वयंपाकघर आणि उंबरा

बैठकीपूर्वी मी घरोघर फिरलो. मते मागण्यास गेलो असे काही जण सांगतात. मी चहा प्यायला गेलो. मते आपोआप निघाली. एका घरात काका उंबऱ्यावर मला म्हणाले, "तात्या, आपला विरोध आहे बरं का." मग आत नेऊन चहा देताना त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "माज्या आईला असंच झालं हुतं. खोलीत कोंडून ठेवली हुती आमी. दुसरं काय ठावं हुतं?" दुसऱ्या घरात भाऊ आजारी निघाला, तिसऱ्यात स्वतः गृहस्थ, ते गोळ्या घेतात आणि बाटलीवरचे लेबल काढून टाकतात. स्वयंपाकघरात होकार आणि उंबऱ्यावर नकार, असे मी किमान सात घरांत पाहिले. प्रत्येकाला वाटत होते की, आपण एकटेच आहोत.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, भाषण करून उपयोग नाही. गल्लीला मत होते. ते देण्याला आडोसा नव्हता.

मंदिरातला सौदा

रविवारी सकाळी मंदिराच्या मंडपात एकवीस घरांची एकवीस माणसे बसली. आमच्या घराचा प्रकाश होता. डॉक्टरीणबाई दहा मिनिटे बोलल्या आणि कोणी ऐकले नाही. मग बापूराव उठले. बायका ओरडतील, रात्री झोप लागणार नाही, पोरींच्या सोयरिका होणार नाहीत, 'वेड्यांची गल्ली' असे नाव पडेल, असे त्यांनी फलाटावरच्या आवाजात सांगितले. माना हलल्या. "हात वर करा," ते म्हणाले.

मी उठलो. "हात वर नको," मी म्हणालो. "हात खाली."

खांद्यावरचा रुमाल मी हातात घेतला. तरुण लोकांना समजावे म्हणून सांगतो. हळदीच्या बाजारात आता उघड बोली असते. आमच्या वेळी सौदा रुमालाखाली होई. खरेदीदार रुमालाखाली हात घाली, दलालाची बोटे धरी, आणि बोटांच्या खुणेने भाव सांगे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नसे की, याने काय दिले. आणि दलाल मरेपर्यंत कोणाचे बोट कोणाला सांगत नसे. या एका नियमावर बाजार उभा होता.

"एक बोट म्हणजे होकार," मी म्हणालो. "मूठ म्हणजे नकार. मी फिरतो. आकडा सांगेन, माणूस सांगणार नाही."

मागे बसलेले दोन म्हातारे हसले. त्यांनी तो बाजार पाहिला होता. बापूराव हसले नाहीत.

"आवं, ह्यो कालपरवा त्या घरातनं बाहेर आलाय," ते सगळ्यांना म्हणाले. "हात बघा कसा थरथरतोय. ह्येची मोजणी धरायची व्हय आपण?"

मी हात सर्वांसमोर पुढे धरला. थरथरत होता. "थरथरतो," मी म्हणालो. "पण मोजतो. रुमालाखाली थरथरणारा हा एकटाच हात असेल, तर मी आकडा सांगणार नाही."

मी फिरलो. कोणाचा हात गार होता, कोणाचा घामेजलेला. पुष्कळ हात थरथरत होते. प्रकाशपाशी आलो. मुलगा मोठा झाल्यापासून त्याचा हात मी हातात घेतला नव्हता. त्याने काय दिले हे सांगणार नाही. त्याने हात लगेच काढून घेतला नाही, एवढे सांगण्यास नियमाची आडकाठी नाही.

बापूरावांचाही कौल मी घेतला. तोही सांगणार नाही.

"होकार तेरा, नकार आठ," मी म्हणालो.

"खोटं!" बापूराव ओरडले. "तेरा कुठनं आणलंस? इथं तीन टाळकी न्हाईत त्या बाजूची."

मी रुमाल त्यांच्यापुढे धरला. "घ्या बापूराव. तुम्ही फिरा. एक बोट आणि मूठ ओळखायला दलाल व्हावे लागत नाही. मात्र नियम तोच."

त्यांनी रुमाल घेतला. मला वाटते, एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता आले नाही. ते पहिल्या माणसापाशी तावातावाने गेले. पाचव्यापर्यंत त्यांची चाल मंदावली. दहाव्यापाशी ते थांबून राहिले, इतके की मागून कोणी म्हणाले, "बापू, भाव ठरंना व्हय?" हशा झाला. बापूराव हसले नाहीत. शेवटच्या माणसाचा कौल घेऊन ते मारुतीसमोर आले आणि पाठमोरे उभे राहिले. मग वळले.

"चौदा," ते म्हणाले.

तेरा आणि चौदा

येथे लोकांची चौथी हकिकत सुरू होते. तात्यांचे तेरा, बापूंचे चौदा, म्हणजे तात्या एकाने चुकले. माझ्या विरोधकाने माझ्यापेक्षा एक अधिक होकार आणला याचे कोणास नवल वाटले नाही. माझी चूक निघाली याचाच आनंद झाला.

मी चुकलो नव्हतो. मी फिरलो तेव्हा तेराच बोटे होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये एका मुठीचे बोट झाले. कोणाची मूठ उघडली, हे फक्त बापूरावांना ठाऊक आहे. कदाचित प्रकाशची असेल. कदाचित त्यांची स्वतःची, कारण आपल्या घराचा कौल त्यांनी आपणच धरला होता. मी आठ दिवस धीर धरला आणि नवव्या दिवशी त्यांना पायरीवर गाठून विचारले.

"कोणाची रं बापू?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "नियम तुजाच न्हवं? मग इचारतोस कशाला, दलाल असून?"

बावीस वर्षांत प्रथमच मी त्यांचे म्हणणे मान्य केले. घरी येऊन कमलला सांगितले, तर ती पदर तोंडाला लावून हसत बसली.

त्या दिवशी मंडपातच अर्ज फाडून नवा लिहिला गेला. गल्लीचा कौल होता म्हणून एकवीसही जणांनी खाली सह्या केल्या. त्यामुळे कोणाची सही होकाराची आणि कोणाची नुसती रीतीची, हे कागदालाही कळले नाही. बापूरावांनी एक अट घातली: वरच्या मजल्याच्या गच्चीचे पाणी गल्लीत सोडायचे नाही. मी तिला अनुमोदन दिले आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

परवानगीला पंधरवडा लागला. ते पंधरा दिवस कमल आणि जावई आळीपाळीने सुनंदाजवळ बसून होते. त्यांबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. तिने काट मारली ती तेथेच. परवानगी आली त्या सकाळी प्रकाश गाडी काढून वडूजला गेला. मला वाटले होते, तो मागच्या बोळातून येईल. त्याने गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवली, बहिणीचा हात धरला आणि तिला सगळ्या दारांसमोरून चालवत नेले; त्या वेळी फक्त बापूरावांचे दार बंद होते. नातीचे लग्न ठरावयाचे अजून बाकी आहे. एक स्थळ परत गेले, ते या कारणाने की दुसऱ्या, हे आम्ही विचारले नाही. नात म्हणाली, "बरं झालं, त्याचा आवाज फार बारीक होता."

सुनंदा वर सव्वा महिना होती. पहिले पंधरा दिवस कठीण गेले. मी रोज अंगणातल्या बाकावर बसत असे आणि ती खिडकीशी येई किंवा येत नसे. मग येऊ लागली. मग एक दिवस तिने वरून मला सांगितले की, माझ्या सदऱ्याची गुंडी वरखाली लागली आहे. तसे नव्हते, पण मी ती काढून पुन्हा लावली.

तिला घरी सोडले त्या दिवशी मी तिची पिशवी घेतली होती. आम्ही बापूरावांच्या दारापर्यंत आलो. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"अगं सुनंदा! कवा आलीस?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काय सांगावे याची तीन उत्तरे माझ्यापाशी तयार होती. सुनंदाने एकाचीही वाट पाहिली नाही.

"सव्वा महिना झाला, काकू."

"दिसली न्हाईस ती?"

"वर हुते. दवाखान्यात."

इंदुमतीबाईंचा हात मेथीवर थांबला. त्यांनी वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहिले, सुनंदाकडे पाहिले.

"जेवाण कसं असतंय गं तितलं?"

"बरं असतंय. मीठ कमी."

"मग सांगायचं न्हाई व्हय? चार पावलांवर तर बसलीया मी." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत गेल्या आणि लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "अजून कोण कोण हाय वर?"

"चौघी हायत."

"मग ही घेऊन जा आदी. त्यांचं जेवाण झालं नसंल अजून."

सुनंदाने बरणी घेतली, आणि नुकतीच जेथून सुटून आली होती तिकडे भर दुपारी पुन्हा चालू लागली. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि तेथेच बसलो. इंदुमतीबाईंनी मेथीची एक जुडी माझ्यापुढे सरकवली.

"रिकामं काय बसता तात्या? निवडा."

मी निवडू लागलो.